एका बोटाने ब्रुकलिन ब्रिज बांधला नव्हता, प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका

कित्येक वर्षं एक मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय, परवा पुन्हा आला, यावेळी दहावीच्या मुलांना 'प्रेरणा' म्हणून, तेव्हा म्हटलं आता सगळं एकदा नीट लिहूनच टाकावं. मेसेज साधारण असा आहे: १८८३ साली जॉन रोब्लिंग नावाच्या इंजिनिअरला न्यूयॉर्क आणि लाँग आयलंड जोडणाऱ्या पुलाची कल्पना सुचली, जगातले सगळे एक्सपर्ट म्हणाले हे अशक्य आहे, फक्त त्याच्या मुलाने म्हणजे वॉशिंग्टनने विश्वास ठेवला, दोघांनी काम सुरू केलं, काही महिन्यांत साइटवर अपघात झाला, त्यात जॉन गेला आणि मुलाच्या मेंदूला मार लागला, चालणं बोलणं सगळं बंद, हलायचं ते फक्त एक बोट, आणि त्या बोटाने बायकोच्या हातावर टकटक करत त्याने १३ वर्षं सूचना दिल्या आणि पूल उभा राहिला. खाली 'कधीही हार मानू नका'.

पूल खरा, बाप-लेक खरे, मुलाचं आजारपण खरं, बायकोची मदत तर शंभर टक्के खरी. बाकीचं बहुतेक सगळं चुकीचं आहे.

आधी साल. १८८३ हे कल्पना सुचल्याचं साल नाही, पूल उघडला ते साल आहे, २४ मे १८८३. जॉन रोब्लिंग तोपर्यंत जाऊन जवळपास १४ वर्षं झाली होती. २८ जून १८६९ ला तो ब्रुकलिनच्या, म्हणजे लाँग आयलंडच्या बाजूच्या, फुल्टन फेरीच्या धक्क्यावर उभा राहून टॉवरच्या जागेचा सर्व्हे करत होता, फेरीबोट येऊन धक्क्याला आपटली आणि त्याचा पाय लाकडात चिरडला. बोटं कापावी लागली, त्यात त्याने डॉक्टरांचं न ऐकता स्वतःचाच पाण्याचा उपचार चालू ठेवला, शेवटी धनुर्वात झाला आणि २२ जुलैला तो गेला. पुलाचं काम सुरू झालं जानेवारी १८७० मध्ये. म्हणजे काम सुरू असताना झालेला आणि बाप-लेक दोघांनाही लागलेला असा अपघात झालाच नाही, त्या दिवशी मुलगा सोबत होता पण त्याला काहीही झालं नाही.

आता 'सगळे एक्सपर्ट अशक्य म्हणाले'. जॉन काही अनोळखी माणूस नव्हता हो! नायगारावरून रेल्वे नेणारा झुलता पूल त्याने १८५५ मध्येच बांधून दाखवला होता, सिनसिनाटीला ओहायो नदीवरचा १०५७ फुटांचा पूल १८६६ अखेर उघडला तेव्हा तो जगातला सर्वात लांब गाळा (दोन टॉवरांमधलं अंतर) होता. ब्रुकलिनच्या प्लॅनसाठी १८६९ मध्ये सात नामांकित इंजिनिअरांचं बोर्ड बसलं, त्यांनी जॉनचे आधीचे पूल जाऊन बघितले, आकडे तपासले आणि पसंती दिली. आर्मीच्या इंजिनिअरांनीही तपासलं, त्यांनी पूल पाण्यापासून पाच फूट आणखी उंच घ्या एवढंच सांगितलं, जहाजांच्या डोलकाठ्या खालून जाव्यात म्हणून. विरोध होता, पैशावरून होता, राजकारणावरून होता, पण इंजिनिअरिंगमधली जाणकार माणसं जॉनच्या बाजूने होती.

आजारपणाबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगावं लागेल कारण मेसेजमध्ये नेमकं तेच गाळलंय. टॉवरचा पाया नदीच्या तळाखाली घालायचा होता, त्यासाठी केसॉन वापरले, म्हणजे जाड लाकडाची अवाढव्य उपडी पेटी, ब्रुकलिनकडची १६८ बाय १०२ फुटांची, वर दगडी टॉवर चढत जाणार, पेटीत दाबाने हवा भरून पाणी बाहेर ठेवणार आणि आत मजूर गाळ-दगड खणत राहणार, मग पेटी हळूहळू खाली जाणार. आत उकाडा, दमट हवा, बोलायला गेलं तर आवाज चिरका निघायचा, फुंकून विझवलेली ज्योत पुन्हा पेटायची. डिसेंबर १८७० मध्ये ब्रुकलिनच्या केसॉनच्या लाकडी छतात आग लागली, दाबाखालची हवा असल्यामुळे ती आतल्या आत धुमसत राहिली, वॉशिंग्टन रात्रभर आत थांबला आणि कोसळला. ब्रुकलिनची पेटी ४४.५ फुटांवर थांबली पण न्यूयॉर्कच्या बाजूला खडक खूपच खोल होता, जसजसं खाली जाल तसा हवेचा दाब वाढणार, आणि मजूर बाहेर आले की काहींचे सांधे असह्य दुखायला लागायचे, पाय लुळे पडायचे, उलट्या व्हायच्या.

कारण आपल्याला आज माहितीय, जास्त दाबात रक्तात विरघळलेला नायट्रोजन दाब झटकन उतरला की बुडबुडे होऊन बाहेर येतो, पाणबुडे म्हणूनच हळूहळू वर येतात. तेव्हा हे कुणालाच नीट कळलेलं नव्हतं. सेंट लुईसला मिसिसिपीवरच्या पुलावर याच आजाराने डझनभराहून जास्त मजूर आधीच गेले होते. ब्रुकलिन ब्रिजच्या कंपनीने अँड्र्यू स्मिथ नावाचा डॉक्टर नेमला, त्याने ११० केसेस नोंदवल्या. १८७२ च्या वसंतात मजूर मरायला लागले, बाकीच्यांनी पगारवाढीसाठी संप केला, आणि मे महिन्यात वॉशिंग्टनने खडकापर्यंत जायचंच नाही असं ठरवून ७८.५ फुटांवर घट्ट बसलेल्या वाळूवर पाया थांबवला. मला विचाराल तर अख्ख्या पुलातला सगळ्यात धाडसी निर्णय हा आहे, चुकला असता तर टॉवर खचला असता, आणि खाली खणत राहिला असता तर आणखी किती मजूर गेले असते कुणास ठाऊक. तो टॉवर आजही त्याच वाळूवर उभा आहे. वॉशिंग्टन स्वतः सारखा खाली उतरायचा, त्यालाही तोच आजार पुन्हा झाला आणि त्यातून तो नीट सावरला नाही. मेंदूला मार वगैरे काही नाही, मजुरांना जे झालं तेच त्यालाही झालं.

मग ते एक बोट? वॉशिंग्टन बोलू शकत होता, हात हलत होते. १८७२-७३ च्या हिवाळ्यात, आपण वाचणार नाही असं वाटत असताना, घरात बसून त्याने पुढच्या सगळ्या कामाच्या सूचना आणि बारीकसारीक तपशील लिहून काढले. डोळे अधू झाले होते, अंग दुखायचं, माणसांशी थोडं बोललं तरी थकून जायचा, म्हणून पुढे बराच पत्रव्यवहार तो तोंडी सांगायचा आणि बायको लिहायची. नंतर ब्रुकलिन हाइट्सच्या घराच्या खिडकीतून दुर्बिणीने काम बघायचा. १८७८ मध्ये वायरच्या ठेकेदाराने तपासणीत पास झालेली वायर वाटेत बदलून रद्दड वायर पुलावर घुसवली, ती बरीचशी केबलमध्ये गुंफून झालेली होती, काढणं शक्य नव्हतं. वॉशिंग्टनने हिशोब केला: डिझाइन गरजेच्या सहापट मजबूत धरलेलं, ते आता पाचपटीवर येईल, तरी सुरक्षित, पण प्रत्येक मुख्य केबलमध्ये साधारण १५० चांगल्या वायरी जास्त घाला. आज एका केबलमध्ये ५४३४ वायरी आहेत. हे टकटक करून होणारं काम आहे का, सांगा मला.

आणि एमिली. त्या मेसेजमध्ये या बाईला फक्त टकटक करायला एक हात म्हणून ठेवलंय, मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. एमिली वॉरन रोब्लिंग केबल कसा वाक घेते, कुठल्या मटेरियलवर किती ताण चालतो हे सगळं शिकली, साइटवर जायची, असिस्टंट इंजिनिअरांशी आणि ठेकेदारांशी बोलायची, उत्तरं घेऊन यायची. काहीजण उलट टोकाला जाऊन 'खरी चीफ इंजिनिअर तीच' म्हणतात, तेही बरोबर नाही, डिझाइन आणि निर्णय नवऱ्याचे होते, पण ते अकरा वर्षं साइटपर्यंत पोचले ते तिच्या डोक्यातून, ती नुसती निरोप्या नव्हती. उद्घाटनाच्या भाषणात अमेरिकन काँग्रेसचे सदस्य एब्राम ह्युइट यांनी जाहीरपणे सांगितलं की ज्या उच्च शिक्षणापासून बायकांना इतकी वर्षं लांब ठेवलं ते पेलायची त्यांची कुवत किती आहे याचंही हा पूल स्मारक आहे. १८८३ मध्ये! पुढे तिने न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतून कायद्याचा कोर्सही केला.

शिवाय मार्टिन, कॉलिंगवुड, पेन, हिल्डनब्रँड असे असिस्टंट इंजिनिअर रोज जागेवर उभे होते, आणि वीसएक कामगार या पुलावर मेले, त्यांच्यात आयर्लंड-जर्मनीहून आलेले गरीब लोक होते. मेसेजमध्ये यांच्यापैकी एकही नाही.

राहिलं 'मेंदू निकामी झाला' हे. १८८२ मध्ये आजारपणाचं कारण काढून वॉशिंग्टनला चीफ इंजिनिअर पदावरून हटवायचा ठराव आला होता, तो १० विरुद्ध ७ मतांनी पडला. एमिली १९०३ मध्ये गेली, वॉशिंग्टन त्यानंतर २३ वर्षं जगला. १९२१ मध्ये रोब्लिंग घराण्याची वायर-केबलची कंपनी चालवणारा पुतण्या वारला तेव्हा ८४ व्या वर्षी याने पुन्हा कंपनीची सूत्रं हातात घेतली, आणि १९२४ मध्ये हडसन नदीवर जो बेअर माउंटन ब्रिज उघडला त्याच्या केबल्स याच कंपनीने केल्या.