नोटेवरचा गणपती आणि त्याच्या शेजारचा माणूस

सोसायटीच्या गणपतीत माझ्या भाचीला दोन मिनिटं बोलायचंय. आत्याने भाषण म्हणून व्हॉट्सॲपवरचा मेसेज जसाच्या तसा पाठवला: इंडोनेशियात 87 टक्के मुसलमान, तरी नोटेवर गणपती. भरभराट व्हावी म्हणून छापला आणि कोसळलेलं चलन सावरलं. ब्रोमो ज्वालामुखीच्या काठावरची गणेशमूर्ती गावांचं रक्षण करते. आत्यावर राग नाही, पण सातवीतली पोर हे पाठ करून माइकवर म्हणणार म्हटल्यावर गप्प बसवेना.

नोटेवर गणपती आहे? होता. 1998 सालच्या 20,000 रुपियाच्या नोटेवर. बँक इंडोनेशियाच्या नोव्हेंबर 2008 च्या नियमाने ती 31 डिसेंबर 2008 पासून चलनातून गेली. त्याच नियमात आणखी तीन नोटा होत्या, तेव्हा 'गणपतीला हटवलं' असा उलटा मेसेजही कुणी काढू नये.

भरभराटीसाठी छापला, हे तर मुळातच चूक. त्या नोटेवर ठळक चेहरा 'की हाजर देवांतारा' यांचा आहे. मागच्या बाजूला शाळेचा वर्ग. गणपती तिथे विद्येची देवता म्हणून आलाय. बांडुंगच्या तंत्रज्ञान संस्थेच्या बोधचिन्हातही तो त्याच नात्याने आहे. आणि देवांतारा कोण? तेव्हा इंडोनेशियावर डचांचं राज्य होतं. 1913 मध्ये फ्रेंचांच्या जोखडातून सुटल्याची शंभरी डच लोक तिथल्या जावा बेटावर साजरी करायला निघाले, वर त्यासाठी तिथल्याच लोकांकडून वर्गणी. या माणसाने लेख लिहिला, 'मी डच असतो तर'. ज्यांचं स्वातंत्र्य आपण हिरावून घेतलंय त्यांच्या अंगणात मी आपल्या स्वातंत्र्याचा सोहळा केला नसता, हा त्याचा रोख. त्यापायी हद्दपारी भोगली. परत येऊन 1922 मध्ये योग्यकार्तात तामान सिस्वा ही शाळा काढली, पुढे देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. त्यांचा जन्मदिवस, 2 मे, तिथे शिक्षण दिन असतो. टिळकांच्या गावात राहून आपण त्या नोटेवरचा एवढा माणूस बघायचाच नाही?

चलनाचं म्हणाल तर 1997 च्या मध्याला डॉलरला सुमारे 2,400 रुपिया पडत. जून 1998 मध्ये 16,000 च्या आसपास गेले. पुढे थोडं सावरलं ते नाणेनिधीच्या कर्जाने आणि बुडीत बँका सरकारने अंगावर घेतल्याने. 2025 मध्येही भाव 16,000 च्या वरच होता. 1997-98 च्या त्या संकटात लोकांची आयुष्यभराची बचत मातीमोल झाली, दंगली झाल्या, राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंना जावं लागलं. त्यावर 'बाप्पाने सावरलं' म्हणणं मला सहन होत नाही.

ब्रोमोच्या काठावर मूर्ती आहे, हे कबूल. तिथले तेंगर लोक हिंदू आहेत, हेही खरं. 'यज्ञ कसादा' या सणाला ते डोंगर चढून भाजी, कोंबड्या, पैसे थेट विवरात टाकतात. पण 2004 च्या उद्रेकात तिथे दोन माणसं गेली, 2010 मध्ये राखेने शेतं झाकली. जावाखाली समुद्राकडचा भूपट्ट सरकतोय, ज्वालामुखी त्यानेच जागे राहतात, आणि तो थांबत नाही. मूर्ती आहे म्हणून इशारा मिळूनही कुणी काठावर थांबला तर?

87 टक्क्यांचा आकडा साधारण बरोबर आहे.

भाची आता देवांतारांवर बोलणार आहे. आत्या, तो मेसेज अजून ग्रुपवर आहे. तेवढा काढ.