बॉनेट उघडलं की

एखादा माणूस रस्त्याच्या कडेला तासभर नुसता उभा असला, तर कोणी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. तोच माणूस गाडीचं बॉनेट वर करून, त्याला काडी लावून उभा राहू द्या. पाच मिनिटांत सल्लागार मंडळ जमतं. या मंडळाचा पहिला नियम असा, की काय झालंय ते विचारायचं नाही, सांगायचं.

आमच्या गाडीचं दुखणं तसं साधं होतं. ती मिसिंग मारत होती. सिग्नलला उभी राहिली की अंगात आल्यासारखी थरथरायची, चढावर पिकअप नाही, आणि डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा. हा दिवा मोठा मुरब्बी. नुसता लागला तर ‘सवडीने बघा’ असा त्याचा अर्थ. लुकलुकायला लागला तर ‘ॲक्सिलरेटरवरचा पाय आधी काढ’. कारण प्लगने न पेटवलेलं पेट्रोल तसंच पुढे जाऊन सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि तो बिचारा भाजून निघतो. पण बिघडलंय काय, याबद्दल दिवा मिठाची गुळणी धरून बसतो. बऱ्याच गाड्यांत पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल राहिलं तरी हाच दिवा लागतो, आणि इंजिन शेवटच्या घटका मोजत असलं तरी हाच.

मंडळाचं उद्घाटन शेजारच्या काकांनी केलं. लांबूनच म्हणाले, “बॅटरी!”

काकांचं आतापर्यंतचं प्रत्येक निदान बॅटरी हेच आहे, आणि खरं सांगायचं तर ते बरेचदा बरोबरही येतं. किल्ली फिरवल्यावर कट-कट-कट असा भरभर आवाज आला तर बॅटरी उतरलेली. एकच ठसठशीत ‘टक्’ होऊन सगळं शांत झालं तर संशय स्टार्टरवर. आणि कित्येकदा दोघंही निर्दोष असतात. टर्मिनलवर पांढरट-हिरवट पूड साचलेली असते. खायचा सोडा पाण्यात कालवून, जुन्या टूथब्रशने घासली की काम भागतं. फक्त निगेटिव्हची वायर आधी काढायची आणि सगळ्यात शेवटी लावायची.

पण इथे गाडी एका सेल्फमध्ये सुरू होत होती. मी मल्टिमीटर लावून दाखवला. गाडी बंद असताना 12.6 व्होल्ट, म्हणजे बॅटरी टम्म भरलेली. सुरू केल्यावर 14.2, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही व्यवस्थित. काकांनी आकडे नीट वाचले, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, “मीटर कुठल्या कंपनीचा आहे?”

तेवढ्यात मेहुणा आला. “दाजी, कार्बन धरलाय. धूर बघा धूर.” मग सगळं मंडळ पुढून उठून मागे गेलं. धुराचं शास्त्र मात्र खरंच सोपं आहे. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळतंय. काळा आला तर पेट्रोल जास्त जातंय. आणि इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबेना, तर कूलंट आत शिरतंय, म्हणजे खर्चाची तयारी ठेवा. आमच्या गाडीच्या धुराला रंगच नव्हता. मंडळाचा स्पष्ट हिरमोड झाला. त्या भरात एक उत्साही गृहस्थ रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले, तेव्हा मात्र मी जोरात ओरडलो. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवून दाब सोडला, की ते एका दमात उकळतं आणि थेट तोंडावर येतं. गृहस्थ दुखावले. “मी फक्त बघत होतो,” म्हणाले. झाकण काढून बघण्यासारखं आत काही नसतं, हे मी मनात म्हटलं.

शेवटी मी स्कॅनर काढला. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात डबी खोचली, फोनवर कोड आला: पी 0302. म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही.

“प्लग!” मेहुणा. “इंजेक्टर!” रेडिएटरवाले गृहस्थ. “बॅटरी,” काका, जरा खालच्या आवाजात.

कोड ही तक्रार असते, निकाल नसतो. दुसरा सिलिंडर काम करत नाही, एवढंच तो सांगतो. का करत नाही, ते सांगत नाही. प्लग असेल, त्याला ठिणगी पुरवणारी इग्निशन कॉइल असेल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर असेल, कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब गेला असेल. यावर फुकटातला उपाय म्हणजे दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्याला लावायची, तिसऱ्याची दुसऱ्याला, कोड पुसायचा आणि गाडी चालू करायची. आता 0303 आला तर दोष कॉइलबरोबर तिकडे गेला, चोर सापडला. पुन्हा 0302 आला तर कॉइल सुटली, पुढचा आरोपी हजर करा. अट एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आणि नेमकं हेच मंडळाला झेपत नाही.

काकांना तर हा बेतच अमानुष वाटला. “अरे, चांगल्या सिलिंडरला खराब कॉइल लावतोस? त्यालाही बाधा झाली म्हणजे?”

कॉइल काढणं म्हणजे 10 नंबरचा एक बोल्ट आणि प्लॅस्टिकची एक क्लिप. क्लिप वर्षानुवर्षं उष्णता खाऊन पापडासारखी ठिसूळ होते, म्हणून तिला चुचकारावं लागतं. बोल्ट आपल्या मर्जीने निघतो आणि आपल्या मर्जीने पडतो. टिंग, मग टण्, आणि मग काहीच नाही. जमिनीवर पडल्याचा तिसरा आवाज येत नाही, तो ऐकायला सगळं मंडळ श्वास रोखून उभं राहतं. इंजिनाखाली एक प्लॅस्टिकचं पत्र्यासारखं आवरण असतं. जगातले सगळे हरवलेले बोल्ट त्यावर सुखाने नांदत असावेत. दांडीच्या चुंबकाने एक बोल्ट वर आला. तो आमच्या गाडीचा नव्हता. नंतर आमचाही आला.

कॉइलची अदलाबदल केली, सेल्फ मारला. इंजिन एकदम गुळगुळीत चालू लागलं. थरथर नाही, दिवा नाही, कोड नाही. “लूज कनेक्शन होतं,” मेहुण्याने निकाल दिला. “हलवलं आणि सुटलं.” मंडळाने एकमेकांचं अभिनंदन केलं आणि ते पांगलं.

बायको इतका वेळ दारातून बघत होती. तिने सकाळपासून कोणालाच न सुचलेला प्रश्न विचारला. “हे गार असताना होतं, की तापल्यावर?”

मी गप्प. सिग्नलपर्यंत पोचेस्तोवर गाडी तापलेलीच असायची.

“मग तापू दे की.”

कॉइलच्या आतली तारेची गुंडाळी गार असताना ठणठणीत वाटते. तापली की तिचं इन्सुलेशन दगा देतं आणि ठिणगी प्लगपर्यंत पोचत नाही. आम्ही दोघं गाडीत बसून काटा वर सरकताना बघत राहिलो. काटा मधोमध आला, पंखा एकदा फिरून थांबला, आणि स्टिअरिंगला तो ओळखीचा थरकाप सुटला. फोनवर कोड आला, 0303. इतक्या आनंदाने कोणी बिघाडाचं स्वागत केलं नसेल.

नवी कॉइल बसली, दिवा विझला. संध्याकाळी काका कुंपणापाशी भेटले. मी त्यांना सगळं सविस्तर सांगितलं, अदलाबदल, तापणं, 0303, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“ते ठीक आहे,” ते म्हणाले. “पण मला सांग, त्या कॉइलला करंट कुठून येतो?”