सात लाख पाच हजार फक्त

अंतर्गत गुण भरायची काल शेवटची तारीख. पोर्टल म्हणतंय, सहा अंकी कोड टाका. सुरक्षेचा नियम असा की एक गोष्ट तुम्हाला ठाऊक हवी आणि एक तुमच्याजवळ हवी. पासवर्ड मला ठाऊक. कोडचं ॲप मात्र भाऊसाहेबांजवळ, कारण विभागाची सगळी खाती त्यांनी एका बैठकीत स्वतःच्याच मोबाईलला जोडून टाकली. आणि भाऊसाहेब गंगाखेडकडं, साडूच्या पोरीच्या लग्नात.

ॲपमधला कोड निघायला रेंज लागत नाही. घड्याळ आणि आत साठवलेली गुप्त किल्ली, एवढ्यावर दर ३० सेकंदांनी नवा तयार. रेंज भाऊसाहेबांना लागते. लागली तेव्हा मांडवात बँजो चालू. चष्मा घरी राहिलेला, म्हणून फोन गेला नवरीच्या मामाकडं.

मामांनी आकडे नाही, रक्कम वाचली. "चार लाख अठरा हजार सातशे बावीस!"

मागून कुणीतरी दचकलं. "चार? बैठकीत तर तीन ठरलं होतं की!"

मी टाइप करेपर्यंत कोड पालटला.

"आता सात लाख पाच हजार म्हणायलेत."

"कोण? कामून वाढवायलेत?"

"कॉलेजातले सर."

"सरांचा काय संबंध आपल्या सोयरिकीत?"

"मामा, एकेक आकडा सांगा!" मी स्टाफरूममध्ये बोंबलतोय. पुढचा कोड निघाला शून्यानं. "ह्यात लाखच नाहीत ओ, बासष्ट हजारावर आलं," आणि आता वरपक्षाचा आवाज चढला. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा; तो तिथं कुणाला आठवला नाही, आणि 'कोड कुणालाही सांगू नका' हे मला आठवून उपयोग नव्हता. शेवटी एका पोरानं फोन हिसकावला आणि धडाधड सहा आकडे सांगून मोकळा झाला.

मी तासिका तत्त्वावर. शिकवल्या तासाचे पैसे, तेही येतील तेव्हा. मांडवाशी घातलेली हुज्जत कुठल्या बिलात लावू? गुण चुकले तर नोटीस माझ्या नावानं, चावी दुसऱ्याच्या खिशात. ज्याचं खातं त्याच्या मोबाईलवर ॲप, आणि राखीव कोड कागदावर उतरवून कपाटात, ह्याला ना निधी लागतो ना ठराव.

प्राचार्यांना तेच म्हणालो. ते म्हणाले, "भाऊसाहेबांना येऊ द्या की. सत्यनारायण आहे म्हणे तिकडं."