मॉन्टगोमेरीच्या बसमधला वर्णभेद कोणी मोडला?

दर डिसेंबरात एक मेसेज फिरतो. यंदाही आला, तीन ग्रुपवर. मजकूर साधारण असा: "१९५५ साली अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरीत रोझा पार्क्स नावाची एक दमलेली शिंपीण गोऱ्या प्रवाशासाठी बसमधल्या जागेवरून उठली नाही. काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. बस कंपनी बुडायला आली, शहर झुकलं, वर्णभेदाचा नियम गेला. ना वकील, ना कोर्ट, ना तारखा!" पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण ज्यांनी तो नियम प्रत्यक्षात मोडला त्यांची नावं यात पुसली जातात, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

"दमलेली शिंपीण." आपण त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त दमलो नव्हतो, दमलो होतो ते मुकाट सहन करून, असं पार्क्सबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या आणि एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या. दुपारच्या सुट्टीत त्या जवळच्याच एका तरुण वकिलाच्या ऑफिसात डबा खायला जायच्या. अटकेच्या दिवशी, १ डिसेंबरलाही गेल्या होत्या. त्या वकिलाचं नाव फ्रेड ग्रे. मेसेजमध्ये "ना वकील" म्हणतात तो हाच.

ग्रे मॉन्टगोमेरीतच वाढलेले. ते दोन वर्षांचे असताना वडील गेले, आई लोकांच्या घरी राबून पाच मुलं वाढवत होती. कॉलेजात असताना ते दिवसभर त्याच बसमधून फिरायचे. पुढच्या दहा जागा गोऱ्यांच्या. काळ्या प्रवाशाने पुढच्या दाराने चढून पैसे द्यायचे, मग खाली उतरून मागच्या दाराने पुन्हा चढायचं. तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी सोडली तर पैसे गेले आणि बसही गेली. अलाबामाच्या सरकारी लॉ कॉलेजात काळ्यांना प्रवेश नव्हता, म्हणून ग्रे ओहायोत शिकले आणि १९५४ मध्ये सनद घेऊन गावी परतले. जिथे जिथे वर्णभेद दिसेल तिथे तो मोडायचा, हा निश्चय मनाशी करूनच.

"शहर झुकलं." कधी? बहिष्काराच्या सुरुवातीच्या मागण्या तर किती साध्या होत्या! नीट बोला, काळ्या वस्तीच्या मार्गांवर काळे ड्रायव्हर नेमा, आणि गोऱ्यांनी पुढून, काळ्यांनी मागून, जो आधी येईल त्याने बसावं. वेगळं बसवणं बंद करा, एवढीही मागणी नव्हती. शहराने तेही नाकारलं. बस कंपनी मात्र खरोखर झुकली. एप्रिल १९५६ मध्ये तिने वेगळं बसवणं थांबवायची तयारी दाखवली. तेव्हा शहरच राज्याच्या कोर्टात गेलं आणि नियम चालूच ठेवा असा हुकूम कंपनीवर आणला. म्हणजे धंदा बुडतोय म्हणून कंपनीने नियम सोडायचं ठरवलं, तरी तिला ते करता येईना. कायदाच आडवा होता, आणि तो रद्द करणं फक्त कोर्टाच्या हातात होतं.

त्यासाठी ग्रे यांनी १ फेब्रुवारी १९५६ ला फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात दावा लावला. बहिष्काराचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडून दोन दिवस झाले होते. ग्रे पंचवीस वर्षांचे. वादी म्हणून पार्क्सबाईंना त्यांनी मुद्दाम घेतलं नाही, कारण त्यांच्यावरचा फौजदारी खटला राज्याच्या कोर्टात अपिलात होता आणि दोन्हींची गुंतागुंत झाली असती. वादी होत्या ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडॉनल्ड, मेरी लुईझ स्मिथ आणि क्लॉडेट कॉल्व्हिन. कॉल्व्हिनला पार्क्सबाईंच्या नऊ महिने आधी, पंधराव्या वर्षी, याच कारणासाठी बसमधून ओढून नेलं होतं. पाचव्या बाईने दबावाखाली माघार घेतली, आणि तिच्या संमतीशिवाय दावा लावला म्हणून ग्रे यांच्यावरच आरोप ठेवला गेला. तो पुढे टिकला नाही. धर्मोपदेशक म्हणून सक्तीच्या लष्करी भरतीतून मिळालेली त्यांची सूटही काढून घेतली गेली. वकिलाला काही गमवावं लागत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे वाचावं.

"ना तारखा." सांगतो तारखा. ५ जूनला तीन न्यायाधीशांच्या कोर्टाने दोन विरुद्ध एक असा निकाल दिला: वेगळं बसवणं घटनाबाह्य. १३ नोव्हेंबरला सुप्रीम कोर्टाने तो कायम केला. साडेनऊ महिने! राज्याच्या कायद्यालाच आव्हान असल्यामुळे तेव्हा असा दावा थेट तीन न्यायाधीशांपुढे जायचा आणि तिथून अपील थेट सुप्रीम कोर्टात. शिवाय शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ब्राउन निकाल हाताशी होता. एनएएसीपीचे वकील थर्गुड मार्शल आणि त्यांच्या आधी चार्ल्स ह्यूस्टन यांनी सुमारे वीस वर्षं एकेक खटला लढून तो पाया घातला होता. त्यामुळे कोर्टात वेळ जातो हे खरं, फक्त तो वेळ आधीच कोणीतरी दिलेला होता.

त्याच १३ नोव्हेंबरला मॉन्टगोमेरीच्या दुसऱ्या एका कोर्टात काय चाललं होतं, हे मेसेज लिहिणाऱ्याला बहुतेक माहीत नसावं. बहिष्कार टिकला होता तो लोकांच्या पायांवर आणि सुमारे तीनशे खासगी मोटारींच्या सोयीवर. ती सोय बंद पाडायला शहराने मनाई हुकूम मागितला होता, आणि तो त्याच दिवशी मिळाला. किंग तिथेच बसले होते, सुनावणी चालू असतानाच त्यांच्या हातात सुप्रीम कोर्टाच्या निकालाची बातमी पडली. ती आली नसती तर मोटारींशिवाय बहिष्कार किती दिवस टिकला असता? निकालाचा कागद २० डिसेंबरला गावात पोचला, तेव्हाच बहिष्कार उठला.

चालणाऱ्यांचं मोल मी कमी करत नाही. त्यांच्यातल्याच बाया कोर्टात साक्षीला उभ्या राहिल्या. शहराच्या वकिलाला त्यांच्या तोंडून किंग यांचं नाव हवं होतं. तुमचा पुढारी कोण, असं त्याने विचारल्यावर कॉल्व्हिन म्हणाली, आमचे पुढारी आम्हीच.

तिची १९५५ सालची अटक हा ग्रे यांचा नागरी हक्कांचा पहिला खटला. त्यात बालन्यायालयाने तिला दोषी ठरवलं होतं. ती नोंद पुसली गेली २०२१ साली. तेव्हा ती ब्याऐंशी वर्षांची होती.