पैसे आगाऊ घेता, मग तास का देत नाही?

आजही माझ्या पोरीला सॉर्टी, म्हणजे विमान उडवायची पाळी, मिळाली नाही. पहाटे साडेचारला उठून, पांढरा शर्ट इस्त्री करून, नकाशावर रूट आखून ती फ्लाइंग स्कूलला जाते आणि दुपारी ३ पर्यंत हँगरबाहेरच्या बाकावर बसून हॉस्टेलवर परत येते. बोर्डावर नाव सातवं, उडण्याजोगी विमानं दोन. संध्याकाळी फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, आज पण नाही झालं." पुढे बोलायला मलाच सुचेना.

ॲडमिशन घेताना काय सांगितलं होतं? १८ महिन्यांत सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स, हातात. लायसन्सला २०० तास लागतात, म्हणजे महिन्याला सरासरी ११ तास तरी उडायला हवं. आज २८ महिने झाले आणि लॉगबुकात ११२ तास! मागच्या महिन्याच्या पानाचा फोटो तिने पाठवला. त्यात दोन ओळी आहेत. २ तास ४० मिनिटं, बास.

पावसाळ्यात ढग खाली येतात, थंडीत सकाळी धुकं असतं, हे मलाही कळतं. दिसत नसताना माझ्या लेकीला वर पाठवा असं मी कशाला म्हणेन? पण लख्ख ऊन पडलेलं असताना ट्रेनिंगचं एक छोटं विमान, सेसना, पार्टसाठी महिनोन्‌महिने उभं, दुसरं १०० तासांच्या तपासणीला गेलेलं आणि इन्स्ट्रक्टर एअरलाइनमध्ये निघून गेलेला, याला हवामान जबाबदार आहे का? आणि एवढं सगळं ठाऊक असून यांनी मागच्या महिन्यात नवी बॅच भरली! मुलं वाढली, विमानं आहेत तेवढीच. संताप येतो तो याचा.

पोरीने तिच्या बाजूने काही कमी केलेलं नाही. नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल, सगळे पेपर पहिल्या फटक्यात काढले. पासिंगच ७० टक्क्यांना आहे, गंमत नाही ती. पण उडण्यात खंड पडला की सोलोला, म्हणजे एकटीला उडायला, सोडण्याआधी पुन्हा इन्स्ट्रक्टरबरोबर चेक, आणि त्या तासांचंही बिल आम्हालाच. खंड पाडला कुणी?

यानंतर मल्टी इंजिन (एकाहून जास्त इंजिनांचं विमान), इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडणं) आहे. मग एअरलाइनचं ए३२० विमान उडवण्यासाठीचं खास ट्रेनिंग, म्हणजे टाइप रेटिंग, त्याचे आम्हाला सांगितलेले १५ ते २० लाख वेगळेच. घर गहाण ठेवून कर्ज काढलंय आणि बँकेचा हप्ता धुकं बघत नाही.

२०२५ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, फ्लाइंग स्कूलांची क्रमवारी पहिल्यांदा लावली, तर सगळ्यात वरच्या श्रेणीत एकही संस्था बसली नाही. मग नवी बॅच घ्यायची परवानगी विमानं आणि इन्स्ट्रक्टर मोजूनच द्या ना! आधीच्या मुलांचे तास पुरे होईपर्यंत नवीन फी घ्यायची नाही, असा नियम करायला काय अडचण आहे?

आणि फ्लाइंग स्कूलवाल्यांनो, माझ्या मुलीचे ८८ तास तुमच्याकडे बाकी आहेत. ते कधी देताय, ती तारीख मला लेखी हवी.