सवलत कोणी मागितली आप्पा? माप एकच लावा म्हणताहेत

परवा आमच्या भावकीच्या ग्रुपवर आप्पांनी एक मेसेज टाकला, मग तोच मेसेज अमळनेरच्या मैत्रिणीकडून आला, मग शाळेतल्या एका सरांकडून. त्यात लिहिलंय की फौजेत बायकांना बरोबरीचं सगळं कधीच देऊन झालंय तरी कोर्टात जाऊन सवलती मागतात, गावाकडचा जवान बाईची ऑर्डर ऐकत नाही, शत्रूच्या हाती लागली तर देशाची अब्रू जाईल, आणि लग्न-बाळंतपण करायचंय तर वर्दी कशाला. मी चोपड्याकडे रोज पहाटे ५ ला ११ पोरींना रोडवर पळवते. त्यातल्या दोघींनी हे वाचून मला विचारलं, ताई मग आपण कशाला पळतोय? म्हणून गप बसवत नाहीये.

"बरोबरीचं सगळं कधीच मिळालंय." कधी? डॉक्टर आणि नर्स सोडल्या तर आर्मीत बायका अधिकारी म्हणून यायला लागल्या १९९२ पासून, त्याही आधी फक्त ५ वर्षांसाठी, मग वाढत वाढत ते १४ वर्षांवर आलं. १४ झाली की घरी. पेन्शनला लागतात २० वर्षं, म्हणजे चाळिशीला टेकलेली बाई ना नोकरी ना पेन्शन, आणि तिच्यासारखाच शॉर्ट सर्व्हिसवर, म्हणजे ठराविक वर्षांसाठी आलेला पुरुष मात्र पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची कायम नोकरी, घेऊन पुढे जाऊ शकत होता. दिल्ली हायकोर्टानं मार्च २०१० मधे सांगितलं की बायकांना पण पर्मनंट कमिशन द्या, सरकार अपिलात गेलं, निकालावर स्टे नव्हता तरी अंमलबजावणी झाली नाही, आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल आला १७ फेब्रुवारी २०२० ला. दहा वर्षं गेली हो त्यात, कोणाच्या तरी नोकरीतली दहा वर्षं. एनडीएचं, म्हणजे बारावीनंतर फौजेचे अधिकारी घडवणाऱ्या पुण्याच्या अकॅडमीचं दार सुद्धा २०२१ ला कोर्टाच्या आदेशानंतरच उघडलं, पहिल्या १७ मुली मे २०२५ मधे पास होऊन बाहेर पडल्या. इन्फन्ट्री म्हणजे पायदळ आणि रणगाड्यांचं दार अजून बंदच आहे.

आता सवलतीचं. यावर मला सगळ्यात जास्त राग येतो. मिलिटरी पोलिसच्या भरतीत मुलींना १६०० मीटरला साडेसात-आठ मिनिटं असतात आणि मुलांना त्यापेक्षा कमी, हे खरंय, मी लपवत नाही. पण मी सांगतेय त्या केसेस त्यासाठी नव्हत्याच. २०२० च्या निकालानंतर काय झालं ते बघा. पर्मनंट कमिशनसाठी मेडिकल फिटनेसची अट लावली, पुरुषांची ही तपासणी होते नोकरीच्या ५ व्या किंवा १० व्या वर्षी म्हणजे पंचविशी-तिशीत, आणि या बायकांची ती केली चाळिशी-पन्नाशीत, कारण आधीच्या वर्षांत त्यांना संधीच दिलेली नव्हती! वरून त्यांचे गोपनीय अहवाल बघितले तेही ५ व्या-१० व्या वर्षापर्यंतचेच, जेव्हा ही बाई पर्मनंट होणारच नाही हे अहवाल लिहिणाऱ्याला माहीत होतं, मग तो कशाला मन लावून लिहील. पुढच्या वर्षांतली पदकं, पोस्टिंग, काही धरलं नाही. २५ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टानं याला भेदभावच म्हटलं.

आणि ऑगस्ट २०२५ चा निकाल तर मेसेज लिहिणाऱ्यानं नक्की वाचावा. आर्मीच्या कायदा शाखेत, जॅग म्हणतात ती, ९ जागा होत्या, ६ पुरुषांना आणि ३ बायकांना अशा वाटलेल्या. बायकांच्या यादीत चौथ्या-पाचव्या आलेल्या मुली बाहेर, आणि त्यांच्यापेक्षा कमी मार्कांचे पुरुष आत. कोर्टानं ही वाटणी रद्द केली. मग मेरिट कोण मागत होतं आणि जागा कोणासाठी राखून ठेवल्या होत्या?

मेसेजखाली आप्पांनी स्वतः लिहिलंय, "बाईनं कोन ऐकस?" आप्पा, हे वाक्य तुमच्याही आधी खुद्द सरकारनं २०२० च्या केसमधे मांडलं होतं, की जवान बहुतेक खेड्यातले, त्यांची मनं अजून बाईच्या हुकुमाला तयार नाहीत. म्हणजे आपल्या पोरांच्या नावावर खापर. कोर्टानं ते मान्य केलं नाही आणि मला तर तो आपल्या गावांचा अपमान वाटतो. खान्देशातला पोरगा मायनं दटावलं की मान खाली घालतो, पोलीस स्टेशनात मॅडम पीआय असल्या तर कडक सॅल्यूट ठोकतो. २०१६ ला पुण्यात १८ देशांचा युद्धसराव झाला, त्यात भारताच्या तुकडीची प्रमुख सोफिया कुरेशी होत्या, त्यांच्या हुकुमावर जवान चाललेच ना?

शत्रूनं पकडलं तर? २०१६ ला आपल्याच धुळे तालुक्यातला एक जवान चुकून नियंत्रण रेषेपलीकडे गेला, जवळपास चार महिने पाकिस्तानच्या ताब्यात होता, जानेवारी २०१७ मधे परत आला. सगळा जिल्हा काळजीत होता, पण आता पोरांची भरती बंद करा असं कोणी म्हटलं नाही. अब्रू फक्त पोरीच्याच अंगाला का चिकटवायची?

लग्नाचं तर ऐका. मिलिटरी नर्सिंगच्या लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ मधे नोकरीवरून काढलं, कारण एकच, लग्न केलं. तो नियम पुढे १९९५ मधे मागे घेतला पण त्यांची लढाई चालूच राहिली, आणि फेब्रुवारी २०२४ मधे सुप्रीम कोर्टानं त्यांना ६० लाख द्यायला सांगितले, काढणं चूक होतं म्हणून. ३६ वर्षं. लग्न केलं म्हणून कधी कोणत्या मेजर साहेबाला घरी पाठवलंय का?

आणखी एक ओळ होती त्यात, की तक्रारी करून या बायका फौजेची बदनामी करतात. २०१८ मधे लैंगिक छळाच्या प्रकरणात एका मेजर जनरलला फौजेच्याच कोर्ट मार्शलनं बडतर्फीची शिक्षा सुनावली, तक्रार त्यांच्याहून कितीतरी ज्युनिअर महिला अधिकाऱ्याची होती. ती गप बसली असती तर फौजेचं काय भलं झालं असतं ते मला सांगा.

माझ्या पोरींना एका अकॅडमीनं "मुलींची बॅच नाही" म्हणून दारातून परत पाठवलं होतं, म्हणून तर आम्ही रोडवर पळतो. आप्पा, ज्या ज्या ग्रुपवर तो मेसेज पाठवलात तिथे हे पण टाका, माझ्या नावानं टाका.