टक्का आपला, तोटा पोराचा

चोपड्याकडचं, चाळीसगावाकडचं एखादं पोरगं कबड्डीत चढाईला गेलं की तिघांना बाद करूनच परततं, असं कानावर आलं की भाऊ, वेळ दवडू नका. त्याच संध्याकाळी त्याच्या घरी जा, शेवभाजी ओरपा आणि बापाला सांगा, ‘अण्णा, पोराचं सगळं मी बघतो.’ झालात एजंट! फुटबॉलच्या नादी मात्र लागू नका, तिथे फिफाची परीक्षा पास व्हावी लागते.

करार लेखी करू नका. कागद नाही तर कायदा नाही, ही आपल्या लोकांची श्रद्धा. ती कशाला मोडायची? 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 187 म्हणतं की एजंटाचा अधिकार तोंडी बोलण्यातून, नुसत्या वागण्यातूनही ठरतो. म्हणजे ती शेवभाजीसुद्धा कोर्टात अंगाशी येऊ शकते. पण हे अण्णांना सांगणार कोण?

खरा काटा कलम 212 चा. एजंटाच्या हलगर्जीपणामुळे किंवा त्याला काम येत नसल्यामुळे मालकाचं थेट नुकसान झालं, तर भरपाई एजंटाने द्यायची. इथे मालक म्हणजे ते पोरगं, हेही त्याला कळू देऊ नका. कायद्याने एक पळवाट ठेवली आहे: आपल्याला काम येत नाही हे पोराला आधीच ठाऊक असेल, तर तेवढ्या कौशल्याची अपेक्षा धरत नाहीत. तेव्हा व्हिजिटिंग कार्डावर ‘इंटरनॅशनल स्पोर्ट्स मॅनेजमेंट’च्या खाली बारीक अक्षरात ‘काही येत नाही’ छापून घ्या.

अमेरिकेत मार्च 2013 मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोस या अमेरिकन फुटबॉल संघाचा खेळाडू एल्विस ड्युमरव्हिल 1 कोटी 20 लाख डॉलरऐवजी 80 लाखांवर खेळायला तयार झाला होता. सहीचा फॅक्स मुदत उलटल्यावर काही मिनिटांनी पोचला आणि संघाने त्याला सोडून दिलं. त्याने एजंटाला हाकललं. तिकडचे एजंट कच्चेच म्हणायचे. आपल्याकडे ‘लाईट गेली होती’ हे दोन शब्दांचं समर्थ उत्तर... बरं, तीन शब्दांचं. हिशोबात असं थोडं इकडेतिकडे व्हायचंच. फक्त कलम 213 प्रमाणे पोराने हिशोब मागितला की आधी रागवा, मग डोळ्यांत पाणी आणा.

पोरगं मोठं झालं आणि नाडाच्या, म्हणजे खेळाडूंची उत्तेजक चाचणी घेणाऱ्या सरकारी संस्थेच्या यादीत गेलं, की ते रोज कुठे सापडेल ही माहिती भरायचं कामही आपल्याकडे घ्या. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की दोन वर्षांपर्यंत बंदी, आणि माहिती एजंटाने भरली होती ही सबब पोराला चालत नाही. नियमच आपल्या बाजूचा! पुढे ते 212 घेऊन आपल्या दारात येऊ शकतं, हा भाग वेगळा. रावेरच्या केळीचा ट्रक वाटेत अडकला तर तोटा कोणाचा यावर दोन दिवस भांडण चालतं. पोराचा मोसम सडला तर लोक ‘नशीब’ म्हणतात आणि चहा पितात.

एवढं करूनही धाकधूक वाटत असेल, तर कलम 184 वाचा. अठरा वर्षांखालचा किंवा मन ठिकाणावर नसलेला एजंट आपल्या मालकाला जबाबदार नसतो. नववीतल्या भाच्याला विचारून पाहा. तो नाही म्हणाला, तर दुसऱ्या अटीत आपण स्वतः बसतो का, ते डॉक्टरांना दाखवून घ्या.